खरकटं काढा, भांडी विसळू नका: खाऱ्या पाण्याच्या गावात डिशवॉशर

डिशवॉशर आलेल्या बऱ्याच घरांत अजूनही भांडी आधी मोरीत विसळली जातात आणि मगच मशीनमध्ये लावली जातात. नळ सोडून दहा-बारा ताटं, तितक्याच वाट्या, दोन गंज (पातेली) आणि एक कढई विसळायची म्हटली की दीड-दोन बादल्या पाणी सहज जातं. मशीन स्वतः एका वेळेला साधारण १० ते १३ लिटर पाणी घेतं, म्हणजे भरलेली एक बादलीही नाही. ज्या गावात नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येतं, तिथे या विसळण्यातच मशीनपेक्षा जास्त पाणी खर्च होतं, आणि हातांचे कष्ट वाचतच नाहीत.

भांडी विसळल्याशिवाय निघत नसतील तर पाण्यात, पावडरीत, भांडी लावण्यात किंवा जाळीत कुठेतरी दोष आहे, असं माझं ठाम मत आहे. विसळल्यामुळे तो दोष झाकला जातो, जात नाही. आपल्याकडे, म्हणजे वऱ्हाडापासून पूर्वेच्या झाडीपट्टीपर्यंत, हा दोष बहुतेक वेळा जेवणाचा नसून पाण्याचा असतो. त्यामुळे पाण्याबद्दल इथे जास्त लिहिलंय.

आधी मशीनच्या आत काय घडतं ते. मशीन बुडाशी तीन-चार लिटर पाणी घेतं आणि तेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा फिरत्या स्प्रे आर्ममधून भांड्यांवर मारतं. दर वेळी ते पाणी जाळीतून गाळून परत पंपात येतं. नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये पहिला टप्पा प्री-वॉशचा असतो: गार किंवा कोमट पाणी काही मिनिटं फिरतं, सुटं खरकटं आणि वरचं तेल घेऊन नालीत जातं. म्हणजे विसळण्याचं काम मशीन स्वतःच करतं. त्यानंतर नवं पाणी येतं, पावडरीच्या कप्प्याचं झाकण उघडतं, पाणी ५० ते ७० अंशांपर्यंत तापतं आणि खरं धुणं सुरू होतं. मग दोन-तीन वेळा खंगाळणं, त्यातलं शेवटचं गरम पाण्याने, रिन्स एड या पाणी ओघळवणाऱ्या द्रवाचे थेंब घेऊन.

पावडरीत कामं वाटून दिलेली असतात. सोडियम कार्बोनेटसारखे अल्कली घटक तेलतूप सोडवतात. प्रोटीएज हे एन्झाइम डाळ, बेसन, दूध, अंडं यांतली प्रथिनं तोडतं. अमायलेज भात, ज्वारी आणि कणकेचा स्टार्च तोडतं. परकार्बोनेट गरम पाण्यात ऑक्सिजन सोडून चहाचे आणि हळदीचे डाग फिके करतं. एन्झाइमना ५० ते ६० अंशांचं पाणी आणि भरपूर वेळ लागतो. म्हणून वाळलेल्या चुनाचा (बेसनाच्या पिठल्याचा) गंज अर्ध्या तासाच्या क्विक प्रोग्रॅममध्ये निघत नाही. पाणी कितीही जोरात मारलं तरी एन्झाइमला वेळच मिळालेला नसतो. रोजच्या भांड्यांना इको किंवा ऑटो, आणि सावजी रस्सा, पाटवडीचा रस्सा, तर्री असा तेलकट बेत असेल तर ६५-७० अंशांचा इंटेन्सिव्ह. क्विक प्रोग्रॅम चहाचे कप आणि पाण्याचे पेले यांच्यापुरता ठेवा.

ऑटो प्रोग्रॅम असलेल्या मशीनमध्ये पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. भांडी विसळून लावली की पहिलं पाणी स्वच्छ निघतं, मशीन समजतं मळ कमी आहे, आणि तापमान, वेळ, पाणी सगळं कमी करतं. मग त्या फेरीत एखादी तेलकट कढई असेल तर तीच तेवढी चिकट राहते. लोक म्हणतात, पाहा, विसळूनही निघाली नाही. निघाली नाही याचं कारणच ते विसळणं होतं.

काय काढायचं आणि काय राहू द्यायचं

ताटातलं घट्ट उष्टं काढायचं: हाडं, शेवग्याच्या चोथ्या, कढीपत्ता, सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) काड्या, मिरचीची देठं, लिंबाच्या फोडी, भाताची ढेकळं. रबरी पट्टीने किंवा भाकरीच्या तुकड्याने एकदा फिरवलं की पुरे. वाटीत तर्री उरली असेल तर ती मोरीत न ओतता जुन्या वर्तमानपत्राने टिपून घ्या. तेलाचा जाड थर पाण्यात गेला की पावडरीची बरीचशी ताकद त्याच्यावरच संपते. वाटीच्या कडेला लागलेली डाळ, ताटावरचा वरणभाताचा पातळ थर, चुनाचा लेप, दह्याचा वाळका डाग, हे सगळं राहू द्या. एन्झाइम त्याच्यासाठीच आहेत.

कढीपत्ता आणि मोहरी यांचा मुद्दाम उल्लेख करतो. कढीपत्ता विरघळत नाही, तुटतही नाही. जाळीवर आडवा बसतो आणि पाण्याची वाट अडवतो. फोडणीची मोहरी आणि मिरचीचं बी जाळीच्या कडेने निसटून स्प्रे आर्मच्या भोकांत अडकतं. नव्या डब्यांवर चिकटवलेले कागदी स्टिकरही आधी काढा, ते लगद्यासारखे होऊन बारीक जाळी बुजवतात.

तीन गोष्टींना मात्र पाणी दाखवावं लागतं. एक, बुडाला जळून काळं झालेलं. जळलेलं अन्न म्हणजे कोळसा, त्याला कुठलंच एन्झाइम तोडू शकत नाही. त्या एकाच भांड्यात कोमट पाणी आणि अर्धा चमचा डिशवॉशर पावडर टाकून अर्धा-पाऊण तास ठेवा, लाकडी सराट्याने खरवडा, मग लावा. दोन, कणीक मळलेली परात. कच्चं पीठ वाळलं की ते सिमेंटसारखं बसतं. कणीक मळल्या मळल्या ओल्या हाताने परात पुसून घेतली तर पुढे काहीच करावं लागत नाही. तीन, चुलीवर चढलेलं भांडं. बाहेरची काजळी मशीनमध्ये निघत नाही, उलट सुटून बाकीच्या भांड्यांवर आणि जाळीत बसते. चुलीवर ठेवायच्या आधी बुडाला मातीचा लेप देण्याची आपल्याकडची पद्धत इथे फार कामाची आहे. लेप नसेल तर ते भांडं राखेनेच घासा, मशीनमध्ये नको.

जवसाच्या तेलाचं वेगळं आहे. जवसाचं तेल हवेत सुकून चिवट पापुद्रा धरणारं तेल आहे, म्हणूनच ते रंगकामातही वापरलं जायचं. जवसाची चटणी कालवलेली वाटी दोन दिवस तशीच राहिली तर कडेला पिवळसर चिकट थर बसतो आणि तो मग इंटेन्सिव्हलाही दाद देत नाही. अशी वाटी त्याच दिवशीच्या फेरीत गेली पाहिजे.

वैशाखात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारचं ताट तासाभरात कडक वाळतं. मशीन भरायला दीड दिवस लागणाऱ्या लहान घरात हीच मोठी अडचण. भांडी मोरीत उघडी ठेवू नका, जेवण झालं की सरळ मशीनमध्ये लावा आणि दार पूर्ण मिटून ठेवा. आत ओल टिकते, अन्न तितकं वाळत नाही, मुंग्या आणि माश्याही लागत नाहीत. रात्रीपर्यंत मशीन चालवायचं नसेल तर प्री-रिन्स किंवा रिन्स-होल्ड नावाचा पंधरा मिनिटांचा गार पाण्याचा प्रोग्रॅम पावडर न टाकता चालवा. त्यात साधारण चार लिटर पाणी जातं, आणि हाताने विसळण्याचं जे काही चांगलं असतं ते सगळं त्यात येतं.

पावडर की टॅबलेट

आपल्या जेवणाला मी पावडरच सुचवतो. टॅबलेट कप्प्यात बंद असते आणि मुख्य धुण्याच्या वेळीच पडते, म्हणून प्री-वॉशचं पाणी साधंच राहतं. पावडर असेल तर मुख्य कप्प्यात २० ते २५ ग्रॅम आणि तेलकट बेत असेल त्या दिवशी आणखी ५ ते १० ग्रॅम प्री-वॉशसाठी, म्हणजे कप्प्याच्या झाकणावरच्या खळग्यात किंवा दाराच्या आतल्या पत्र्यावर. पहिल्याच पाण्यात तेल सुटून नालीत गेलं की पुढच्या गरम पाण्याला फक्त उरलेलं काम राहतं. विसळणं बंद केल्यावर जो फरक पडतो असं लोकांना वाटतं, तो बहुतेक या दहा ग्रॅममध्ये भरून निघतो.

‘ऑल इन वन’ टॅबलेटमध्ये मिठाचं, म्हणजे पाण्याचा जडपणा मोडायचं, काम करणारे घटक असतात खरे, पण ते साधारण २१ जर्मन अंशांपर्यंतच्या (हे जडपणा मोजायचं एकक) जडपणाला पुरतात, म्हणजे लिटरला सुमारे ३७५ मिलिग्रॅम. विहीर-बोअरचं पाणी पुष्कळ ठिकाणी याच्या वर असतं. तेव्हा टॅबलेट वापरत असाल तरी मीठ घालावंच लागेल. मशीनच्या सेटिंगमध्ये ‘टॅब’ असा पर्याय निवडल्यावर काही मशीन मीठ संपल्याचा इशारा देणं बंद करतात, तो पर्याय आपल्याकडे बंदच ठेवा.

पावसाळ्यात पावडर दमट होऊन गड्डे धरते आणि तिच्यातलं ब्लीच मरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला चमचा घालू नका. भांडी घासायचा साबण, लिक्विड किंवा कपड्यांची पावडर चुकूनही नको. फेस झाला की पंप पाण्याऐवजी फेस ओढतो, दाब पडतो आणि दाराखालून पाणी गळतं.

पाणी

तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, माठाच्या आणि गिझरच्या बुडाशी पांढरी खपली धरते: अशा गावात पाणी जड आहे हे कोणाला सांगायला नको. डिशवॉशरमध्ये हेच पाणी गरम होतं, त्यातला चुना भांड्यांवर, हीटरवर आणि स्प्रे आर्मच्या भोकांत बसतो. शिवाय जड पाण्यात पावडरीचा काही भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमशी झुंजण्यातच संपतो आणि मळासाठी कमी उरतो. पेला धुरकट, ताट खरखरीत, वाटी चिकट. दोष मात्र खरकट्याच्या माथी जातो.

म्हणून मशीनच्या बुडाशी सॉफ्टनर असतो. त्यातली राळ (रेझिनचे दाणे) पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. राळ भरली की मशीन मिठाचं पाणी तिच्यातून सोडून ती पुन्हा मोकळी करतं आणि ते पाणी नालीत टाकतं. हे मीठ भांड्यांना लागत नाही. पण किती पाण्यानंतर राळ मोकळी करायची हे मशीनला तुम्हीच सांगायचं असतं. कारखान्यातून आलेलं सेटिंग मधलं असतं. ते न बदलता वर्षानुवर्षं मशीन वापरणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण आहे भांडी न निघण्याचं.

आधी पाणी तपासा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो, किंवा ग्रामपंचायतीकडे गावच्या स्रोताचा तपासणी अहवाल मागता येतो. अहवालात ‘एकूण कठीणता’ (म्हणजेच जडपणा) हा आकडा पाहायचा, तो मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत स्वीकार्य, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. डिशवॉशरची पुस्तिका बहुधा जर्मन अंशांत बोलते, म्हणून त्या आकड्याला १७.८ ने भागायचं. अहवालात ४५० असेल तर सुमारे २५ अंश. ६०० असेल तर जवळपास ३४. बऱ्याच मशीनमध्ये एच०० ते एच०७ अशा पायऱ्या असतात. त्यांत २२ ते ३० अंशांना एच०६ आणि ३१ ते ५० अंशांना एच०७ लावतात. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतला तक्ता पाहूनच पायरी ठरवा. ५० अंश म्हणजे सुमारे ८९० मिलिग्रॅम, इथे घरगुती मशीनच्या सॉफ्टनरची हद्द संपते. त्याच्या वरचं पाणी असेल तर ते मशीनला जोडूच नका.

उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली जाते तसा जडपणा वाढतो, पावसाळ्यानंतर उतरतो. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा असा आकडा पाहून पायरी बदलली तर मीठही वाया जात नाही.

मीठ डिशवॉशरचंच घ्या, जाड दाण्याचं. घरातलं आयोडीनचं बारीक मीठ घट्ट बसतं आणि त्यात गोळा होऊ नये म्हणून घातलेले घटक असतात. बाजारातल्या खडेमिठात माती आणि तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, जे काढण्यासाठी आपण मीठ घालतोय. पहिल्या वेळी कप्प्यात आधी साधारण एक लिटर पाणी ओता, मग नरसाळ्याने मीठ भरा. एक ते दीड किलो बसतं. पुढच्या वेळी पाणी घालायची गरज नाही. भरताना मिठाचं पाणी बाहेर सांडतंच, म्हणून मीठ नेहमी फेरी सुरू करायच्या अगदी आधी भरा आणि लगेच मशीन चालवा. ते खारं पाणी रात्रभर आत राहिलं तर आतल्या स्टीलला गंजाचे ठिपके पडतात. मिठाच्या कप्प्यात पावडर गेली तर सॉफ्टनर कायमचा निकामी होतो, घरात सगळ्यांना हा कप्पा दाखवून ठेवा.

आता खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात भूजल नुसतं जड नाही, खारं आहे. त्यात सोडियमचे क्षार मोठ्या प्रमाणात विरघळलेले असतात. टीडीएस मीटर हे सगळे क्षार एकत्र मोजतो, म्हणून मीटरवर १५०० आलं म्हणजे जडपणा १५०० आहे असं समजू नका. आणि सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम ठेवतो, एकूण क्षार तेवढेच राहतात. त्यामुळे इथे मीठ भरून, पायरी वर नेऊनही पेल्यावर पांढरा थर येऊ शकतो.

तो थर कशाचा हे ओळखायची सोपी रीत आहे. पांढऱ्या पेल्यावर ओलं बोट फिरवा. थर लगेच विरघळला तर ते खारं पाणी वाळलंय. पाण्याने गेला नाही पण लिंबू चोळल्यावर गेला तर चुना आहे, म्हणजे सॉफ्टनरची पायरी कमी पडतेय किंवा मीठ संपलंय. लिंबानेही गेला नाही आणि काच कायमची धुरकट झाली असेल तर ती काच झिजली आहे. मऊ पाणी, जास्त पावडर आणि फार गरम प्रोग्रॅम एकत्र आले की हलकी काच अशी झिजते, ती परत येत नाही.

थर खाऱ्या पाण्याचा असेल तर पाण्याचा स्रोत बदलणं हाच खरा उपाय. नळयोजनेचं धरणाचं पाणी येत असेल तर त्यासाठी दोनशे लिटरची वेगळी टाकी ठेवून मशीन तिलाच जोडा; दिवसाला एक फेरी धरली तरी ती दोन आठवडे पुरते. पावसाळ्यात छतावरचं पाणी गाळून याच टाकीत घेता येतं. ते जमत नसेल तर रिन्स एडची पायरी सगळ्यात वर न्या. रिन्स एडमुळे पाणी थेंब न धरता पातळ होऊन ओघळतं. भांड्यावर पाणी कमी राहिलं की वाळल्यावर क्षारही कमी राहतो. फेरी संपल्यावर दार थोडं उघडा आणि पेले कोरड्या फडक्याने पुसून घ्या. रिन्स एडच्या कप्प्यात व्हिनेगर भरायचा सल्ला फिरतो, तो मी देणार नाही. सततच्या आम्लाने रबर खराब होतं.

काही बोअरच्या पाण्यात लोह असतं, त्याने आतली भिंत आणि पांढरी भांडी तांबूस होतात. त्याला किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड चालतं. १०० ग्रॅम रिकाम्या मशीनच्या बुडाशी टाकून ५० अंशांच्या आसपासचा प्रोग्रॅम चालवा, पावडर न घालता. चुन्याची खपलीही यानेच निघते. ७० अंशांवर चालवू नका, फार गरम पाण्यात चुना आणि सायट्रिक ॲसिड मिळून पुन्हा पांढरा साका बनू शकतो.

लावणं

मशीनची आखणी सपाट, बिनकाठाच्या ताटांसाठी केलेली असते. आपलं काठाचं स्टीलचं ताट जाड बसतं, म्हणून खालच्या रॅकमध्ये एक खाच सोडून एक ताट लावा. मोठी ताटं वरच्या स्प्रे आर्मला लागतात. वरचा रॅक वरच्या खाचेत न्यायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. वाट्या वरच्या रॅकमध्ये पालथ्या, पण थोड्या तिरक्या, म्हणजे बुडावर पाणी साचत नाही. एकात एक बसलेल्या वाट्यांमधली आतली वाटी कोरडीच राहते, तिला विसळण्याचा काही उपयोग नाही. गंज आणि कढई खाली, तोंड खाली करून, कडेला. पळ्या, झारे वर आडवे ठेवा. चमचे टोपलीत उलटसुलट मिसळून, नाहीतर ते एकमेकांना चिकटून राहतात.

लावून झालं की दोन्ही स्प्रे आर्म हाताने एकदा फिरवून पाहा. एखाद्या पळीच्या दांड्याने आर्म अडला तर अर्धी भांडी निघतात आणि अर्धी नाहीत. मोठं ताट किंवा परात पावडरीच्या कप्प्यासमोर उभी राहणार नाही हेही पाहा. झाकण उघडलं नाही तर फेरी संपल्यावर पावडर तशीच सापडते.

लोखंडी तवा आणि कढई, पितळ, तांबं, कासं, कल्हईची भांडी, ॲल्युमिनियमचा कुकर, पोळपाट-लाटणं यातलं काहीही मशीनमध्ये जाणार नाही. लोखंडाचा तेलाचा मुरलेला थर निघून गंज येतो, ॲल्युमिनियम अल्कलीने काळं पडतं. स्टीलचा कुकर चालतो, गॅस्केट आणि शिट्टी काढून. स्वस्त स्टीलच्या भांड्यांना खाऱ्या पाण्यात तांबडे ठिपके पडू शकतात; ३०४ प्रतीचं स्टील त्यामानाने टिकतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टील चांगलं, ही परीक्षा चुकीची आहे, कारण हलक्या २०० मालिकेच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. हळदीने पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे मशीनमध्ये पूर्ण निघत नाहीत. धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

वीज आणि दाब

संध्याकाळी गावठाण फीडरवर भार वाढला की व्होल्टेज पडतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते: २३० व्होल्टला २००० वॅटचा हीटर १८० व्होल्टला जेमतेम १२०० वॅट देतो. बहुतेक मशीन पाणी ठरलेल्या अंशांना पोचेपर्यंत थांबतात, म्हणून फेरी लांबते; काही मशीन थकून हीटिंगचा एरर दाखवतात. वेळ लावायची सोय वापरून मशीन रात्री अकरानंतर चालवा, तेव्हा व्होल्टेजही बरं असतं. जोडणी १६ अँपिअरच्या सॉकेटवर, अर्थिंग तपासून. स्टॅबिलायझर घ्यायचा तर किमान ३ केव्हीएचा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे मशीन चालवू नका. मधेच वीज गेली तर बहुतेक मशीन परत आल्यावर तिथूनच पुढे चालू होतात, दार उघडून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते.

पाण्याचा दाब हा दुसरा अडथळा. बऱ्याच मशीनना ०.५ बार दाब लागतो, म्हणजे मशीनच्या नळापासून टाकीतलं पाणी पाच मीटर उंच हवं. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेली टाकी तीन-साडेतीन मीटरच भरते. मशीन जोडायचा नळ पूर्ण सोडून बादली भरून पाहा: मिनिटाला १० लिटर आले पाहिजेत. नसतील तर टाकीखाली स्टँड उंच करा किंवा छोटा प्रेशर पंप बसवा. बोअरच्या पाण्यातली रेती इनलेट पाइपच्या तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत साचते, ती महिन्यातून एकदा काढून धुवा. मशीन पाणी घेत नाही म्हणून तंत्रज्ञाला बोलावण्याआधी हीच जाळी पाहा.

जाळी, आणि न निघालेली भांडी काय सांगतात

आतली जाळी आपल्या जेवणाला तीन-चार दिवसांनी धुवावी लागते. डावीकडे फिरवून उचला, तिचे भाग वेगळे करा, जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासा, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा आणि परत बसवताना खट्कन अडकली याची खात्री करा. अर्धवट बसलेल्या जाळीतून हाडाचा तुकडा पंपात गेला तर खर्च मोठा येतो. दाराची खालची कड आणि रबर पाण्याच्या माऱ्यात येत नाही, तिथे चिकट मळ साचून वास येतो. ओल्या फडक्याने पुसत जा.

वाट्यांवर रेतीसारखे बारीक कण चिकटून आले तर जाळी तुंबली आहे किंवा मशीन गच्च भरलंय. हाताला तेलकट लागलं तर पावडर कमी किंवा पाणी थंड. हिवाळ्याच्या रात्री टाकीचं पाणी फार गार असतं, वनस्पती तूप प्री-वॉशमध्ये गोठूनच राहतं, तेव्हा प्री-वॉश गरम पाण्याने करणारा इंटेन्सिव्ह लावा. वरच्याच रॅकमधलं निघत नसेल तर वरचा आर्म काढून भोकं तपासा. बारीक तारेने मोहरी काढा आणि चुना असेल तर आर्म सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर बुडवा.

पांढरट, किंचित खरखरीत थर लिंबानेही जात नसेल आणि भांडं काचेचं नसून स्टीलचं असेल तर तो स्टार्चचा असू शकतो. जखमेवर लावायच्या आयोडीनचा एक थेंब त्यावर टाका. निळाकाळा झाला तर भाताचा-ज्वारीचा स्टार्च थरावर थर बसत आलाय, म्हणजे बरेच दिवस प्रोग्रॅम छोटे आणि थंड चालले आहेत. ती भांडी पावडरीचं माप वाढवून ५५ ते ६५ अंशांच्या लांब प्रोग्रॅमवर सलग दोनदा चालवा. ज्या वाटीवर थेंब टाकला ती मात्र हाताने नीट धुऊन घ्या.

सांडपाण्याचा पाइप मशीनच्या मागे जमिनीपासून ४० सेंटीमीटर ते एक मीटरच्या दरम्यान वर उचलून बांधा, नाहीतर पाणी आपोआप निघून जातं किंवा नालीतलं परत आत येतं. हे पाणी परसबागेत सोडू नका. त्यात सोडा असतो आणि सॉफ्टनर मोकळा केला त्या दिवशी मीठही. खारपाणपट्ट्यातल्या चोपण जमिनीला तर आधीच सोडियम जास्त झालेलं असतं. शोषखड्डा विहिरीपासून दूर खणा, आणि त्याच्या आधी तेल अडवायला एक लहान टाकं बांधा, जे महिन्यातून एकदा उपसता येईल.